सर्वानुमते

१२ जानेवारी

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर पाहूनच तू ओळखलं असशील, आणि ओळखून पाकीट तसंच टेबलावर ठेवलं असशील. दोन दिवस ठेव, चार दिवस ठेव. फाडू नकोस, एवढंच.

पत्ता औषधाच्या दुकानातल्या वहिनींनी दिला. तू त्यांना दरवर्षी पत्र पाठवतेस, हे नऊ वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं. चिठ्ठी त्यांनी काउंटरवरून अशी सरकवली, जणू मी डॉक्टरला न विचारता झोपेच्या गोळ्या मागायला आले होते.

इकडे सगळं ठीक आहे. यांनी चष्म्याचं दुकान विकलं, पण खोड गेली नाही. घरी कुणी आलं की आधी त्याच्या नाकाकडे बघतात आणि मग ‘या’ म्हणतात. माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला आहे. आईचं शिवणयंत्र मी महिन्यातून एकदा तेल घालून फिरवते. तुला हवं असेल तर पाठवायची सोय करीन. खरं तर ते विचारायलाच लिहायला बसले.

काल कपाट आवरताना शाळेतला फोटो सापडला. आपण दोघी पायऱ्यांवर, पांढरे मोजे, शेजारी आपल्या कॉन्व्हेंटच्या मदर. माझे मोजे गुडघ्यापर्यंत, तुझा एक घोट्यावर घसरलेला आणि तू हसतेस. मदर तुला म्हणायच्या की तुझ्या वहीवरून मांजर चालत गेलंय, आणि माझी वही वर्गभर फिरवायच्या. तुला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मलाच वाटायचं, की तुला वाईट का वाटत नाही.

आणखी एक. तुझ्या जुन्या आरोग्य केंद्राची इमारत पाडून ती जागा गोदामाला द्यायचं चाललं आहे. त्याविरुद्ध कुणी अर्ज केलाय, आणि त्यात नऊ वर्षांपूर्वीच्या त्या सभेचा विषय निघालाय. मला एक नोटीस आली आहे. तुलाही कदाचित विचारतील. विचारलं तर तुला आठवेल ते सांग.

यंत्राचं कळव.

ताई


२३ जानेवारी

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. ‘यंत्र तुझ्याकडेच राहू दे. सभेबद्दल तुला काय सांगायचंय ते लिही.’ दोन ओळी. मी त्या इतक्या वेळा वाचल्या की यांनी विचारलं, कार्ड आहे का कादंबरी.

लिहिते. मी रहिवासी समितीची चिटणीस झाले त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. अक्षर चांगलं म्हणून मला घेतलं होतं, दुसरं काही कारण नव्हतं. तुला एक गोष्ट बहुधा माहीत नसावी. सभेचं इतिवृत्त मी सभेत लिहीत नसे. शुक्रवारी विषयांची यादी यायची. शनिवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून मी पक्की वही उघडायची आणि सगळं आधीच लिहून काढायची. अमुक विषय मांडला, चर्चा झाली, सर्वानुमते मंजूर. फक्त हजर माणसांच्या आकड्यापुरती जागा मोकळी ठेवायची. रविवारी आकडा भरला, अध्यक्षांनी सही केली, झालं. आमच्या आधीच्या चिटणीसबाईही असंच करायच्या. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. गटाराची झाकणं, रस्त्यावरचे दिवे, कुत्र्यांचा बंदोबस्त. यावर कोण भांडणार? खरं सांगायचं तर ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द मी कधीकधी विषय लिहायच्या आधीच लिहून मोकळी व्हायची.

त्या रविवारचा विषय होता आरोग्य केंद्र हमरस्त्याच्या पलीकडे हलवायचा. तू ड्यूटीवरून सरळ आलीस, पांढऱ्या बुटांत. शाळेच्या त्या हॉलमध्ये एकेचाळीस माणसं होती आणि निम्म्यांचं लक्ष चहाकडे होतं. अध्यक्षांनी ‘कुणाची हरकत?’ असं विचारलं, आणखी चहा हवा का विचारावं तसं. आणि तू उठलीस.

तू काय बोललीस ते मला शब्द न् शब्द आठवतं. तू म्हणालीस, “दवाखाना रस्त्यापलीकडे नेलात तर साठीपुढच्या बायका येणार नाहीत. आणि जे येत नाहीत त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. वर्षभराने तुम्हीच म्हणाल, पेशंट कमी झाले, लोकांची तब्येत सुधारली.”

अध्यक्ष म्हणाले, हरकतीची नोंद घेतली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली.

वही आधीच लिहिलेली होती. घरी जाऊन दुरुस्त करायची राहून गेली. पुढे जे झालं, तुला गाव सोडावं लागलं, त्याचं मला फार वाईट वाटतं, धाकटे.

ताई


१ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं उत्तर नाही. बरोबर आहे. मागच्या पत्रात मी ‘राहून गेली’ असं लिहिलं. ते खोटं आहे.

मंगळवारी बेकरीवाली आली होती. तू होतीस तेव्हा ती नवी सून होती, आता भट्टीपासून हिशेबापर्यंत सगळं तीच बघते. अर्ज तिने केलाय. केंद्र हलल्यावर तिच्या सासूने रक्तदाब तपासायला जाणं सोडलं. चार पदरी रस्ता, मधे कठडा, पूल अर्ध्या मैलावर. घरातल्यांना ती सांगायची, जाऊन आले. दोन वर्षांनी अर्धांग झालं. आता ती पलंगावर असते आणि सुनेला खुणा करून पावाचे आकार सांगते.

बेकरीवालीला भांडायचं नव्हतं. तिने पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं, मधे पावाच्या पुड्याचा कागद खूण म्हणून घातलेला. तो नियम मला पाठ होता, तरी तिने मोठ्याने वाचला. सभेत एकाही रहिवाशाने हरकत घेतली तर ठराव त्या दिवशी मंजूर होत नाही. हरकत लिहून घ्यायची, दारोदार सूचना द्यायची आणि पंधरा दिवसांनंतरच्या पहिल्या रविवारी दुसरी सभा घेऊन हात मोजायचे.

“म्हणजे काकू, एक बाई उभी राहिली असती तरी पुरलं असतं,” ती म्हणाली. “औषधवाल्या वहिनी स्वतः सभेला नव्हत्या, पण सांगतात की राहिली होती. वही म्हणते नाही. तुम्ही काय म्हणता?”

मी तिला म्हटलं, सुनावणीत बोलेन.

आता तुला सांगते. त्या दिवशी सभा संपल्यावर मी अध्यक्षांना विचारलं होतं, इतिवृत्ताचं काय करू. ते म्हणाले, “तुम्हाला योग्य वाटेल तसं करा वहिनी, वही तुमची आहे.” त्यांनी मला दमदाटी केली नाही. तसं काही झालं असतं तर किती बरं झालं असतं. घरी येऊन मी वही उघडली. ठरावाखाली आणि सहीच्या वर जागा होती. पट्टी घेऊन मोजली. दोन ओळी सहज बसल्या असत्या. ‘सर्वानुमते’ खोडून खाली तुझी हरकत. मी टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

दारोदार सूचना घेऊन मलाच फिरावं लागलं असतं, हे एक कारण. पण ते लहान. मोठं कारण असं की मला तुझी लाज वाटली होती. तू उठलीस तेव्हा चाळीस माना वळल्या. तुझ्या बुटांना चिखल होता, आवाज चढलेला होता. माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, चिटणीसबाईंच्या घरातच विरोधी पक्ष निघाला, आणि लोक हसले. मीही हसले. लहानपणापासून तू उभी राहायचीस आणि मी तुझ्या वतीने माफी मागायची. त्या दिवशी मला माफी मागायचा कंटाळा आला. वाटलं, तू उठलीच नव्हतीस असं झालं तर किती सोपं होईल. आणि ते माझ्या हातात होतं.

मग तू वर्तमानपत्राला सांगितलंस, त्यांनी वही पाहिली आणि ‘नर्सचा दावा खोटा’ असं छापलं. खात्याने तुझ्याकडे खुलासा मागितला. तू स्वयंपाकघरात आलीस, ओट्याला टेकून उभी राहिलीस आणि म्हणालीस, “ताई, तू तिथे होतीस. सांग ना त्यांना.” मी भांडी विसळत होते. मी म्हटलं, वहीत जे आहे ते आहे.

तू पाणी पिऊन गेलीस. पेला धुऊन, पालथा घालून गेलीस.

हे मी यांनाही आजपर्यंत सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. त्यांनी उठून दिवा लावला. मग म्हणाले, “सुनावणीत उठलीस तर लोक विचारतील, नऊ वर्षं बसली का होतीस.” मी म्हटलं, विचारू देत. ते म्हणाले, “विचारतीलच. मीही विचारतोय.”

ताई


९ फेब्रुवारी

धाकटे,

आज सकाळी अध्यक्ष येऊन गेले. आता ते माजी अध्यक्ष, पण सगळे अजून अध्यक्षच म्हणतात. काठी लागली आहे. यांनी त्यांना आपली खुर्ची दिली आणि स्वतः पेपर घेऊन आतल्या खोलीत गेले, दार मात्र उघडं ठेवलं.

तू त्यांना वाईट माणूस समजतेस. तसे ते नाहीत. मुलांच्या शाळेची भिंत त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतली. केंद्र हलवायलाही त्यांच्याजवळ कारण होतं, पलीकडे मोठी जागा मिळत होती, एक्स-रेचं मशीन येणार होतं. ते आलंही. त्यांना वाटलं, एका सभेत काम होत असेल तर दोन कशाला.

चहा निवेपर्यंत ते हवापाण्यावर बोलले. मग म्हणाले, “वहिनी, आपण कुणाचं काही खाल्लं नाही.”

मी म्हटलं, नाही खाल्लं.

“मग या वयात आपल्याच हाताने आपल्या तोंडाला काळं कशाला फासायचं? लोक म्हणतील यांच्या सगळ्याच वह्या खोट्या. झाकणं, दिवे, सगळं. अकरा वर्षांचं काम आहे ते. तुमचंही.”

याचा मी विचार केला नव्हता असं नाही. तोच तर करत होते. अकरा वर्षं, दर महिन्याला एक पान. त्यातली किती खरी असतील? कदाचित सगळी. पण आता मला ते सांगता येत नाही. कुणाला हरकत आहे का हे पाहायच्या आधीच मी ती लिहिली होती.

मी त्यांना एवढंच म्हटलं की माझी बहीण खोटं बोलत नव्हती. ते म्हणाले, “बहिणीसाठी म्हणून करताय होय.” आणि काठी शोधू लागले. काठी त्यांच्या हातातच होती.

गुरुवारी अकरा वाजता सुनावणी आहे. तुला ये म्हणत नाही. तुला तेव्हा एकटं उभं राहावं लागलं, मलाही जमायला हवं.

ताई


१५ फेब्रुवारी

धाकटे,

सुनावणी झाली. जसं घडलं तसं लिहिते.

पालिकेच्या पहिल्या मजल्यावरची लांबट खोली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक पंखा फिरणारा आणि एक नुसता टांगलेला. सुनावणी घेणारी अधिकारी तिशीतली मुलगी, तिला जबरदस्त सर्दी झाली होती. तिच्यासमोर माझी वही. नऊ वर्षांनी पाहिली. किती सुरेख अक्षर होतं माझं.

तिने विचारलं, हे तुम्ही लिहिलंय का. मी हो म्हटलं. सभेत लिहिलं का? नाही, आदल्या दिवशी. तिने नाक पुसता पुसता वर पाहिलं. “आदल्या दिवशी?” मग मला ती सगळी पद्धत सांगावी लागली. मागे कुणीतरी हसलं, पण लवकर थांबलं.

ती म्हणाली, “म्हणजे तुम्ही स्वतः लिहिलेलं खोटं आहे, असं तुमचं म्हणणं आहे?”

मी म्हटलं, “एक शब्द खोटा आहे. आणि दोन ओळी लिहायच्या होत्या त्या लिहिल्याच नाहीत.”

त्या दोन ओळी मी बोलून दाखवल्या. तुझं वाक्य, न येणाऱ्यांच्या नोंदीचं. मी बसणार इतक्यात गोदामाचा वकील उठला. अतिशय सभ्य माणूस, मला ‘मॅडम’ म्हणत होता. त्याने विचारलं, मॅडमचं बहिणीशी बोलणं किती वर्षं बंद आहे. नऊ, मी म्हटलं. मग बहिणीशी गोडी व्हावी म्हणून मॅडमना आज अचानक आठवलं, असं म्हणायचं का?

खोटं कसं म्हणू? मी म्हटलं, “गोडी व्हावी असं वाटतं. पण तिने हरकत घेतली होती. आमची गोडी झाली नाही तरी घेतलेलीच होती.”

अधिकारी म्हणाली, वही एक सांगते आणि वही लिहिणारी दुसरं. त्या सभेत हजर असलेलं आणखी कुणी बोलणार आहे का? पहिल्याच रांगेत अध्यक्ष बसले होते. तिने त्यांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, मला आठवत नाही. (घरी आल्यावर हे म्हणाले, “लांबचं त्यांना उत्तम दिसतं. नंबर मीच काढून दिलाय.”)

मग कुणीच बोलेना. धाकटे, त्या शांततेत मला पहिल्यांदा कळलं की तू कशात उभी होतीस. आपण खरं बोललेलं असतं आणि शेजारच्या माणसाने नुसतं ‘हो’ म्हणायचं असतं. तेवढ्यावर सगळं अडलेलं असतं. तो माणूस आपल्या बुटांकडे बघत बसला, तर आपण खोटे ठरतो.

कोपऱ्यावरचा न्हावी उठला. त्याला दुकान उघडायची घाई होती, त्याच सुरात तो बोलला. “नर्सबाई बोलल्या होत्या. मी दारात होतो. मला तेव्हा पटलं नव्हतं त्यांचं, आजही पुरतं पटत नाही. पण बोलल्या होत्या.” मग शाळेचा जुना शिपाई उठला, ज्याने त्या दिवशी चहा दिला होता. आणि शेवटी मागून एक बाई, जिला मी ओळखतही नव्हते. एकेचाळीसपैकी तिघं. बाकीच्यांतले काही देवाघरी गेलेत, काही गाव सोडून गेलेत, आणि काही त्याच खोलीत बसले होते.

तिघं पुरले. जुना ठराव रद्द झाला. नऊ वर्षांपूर्वी जी दुसरी सभा व्हायला हवी होती ती आता होणार, दोन मार्चला, रविवारी, दुपारी दोन वाजता, त्याच हॉलमध्ये. केंद्र जुन्या इमारतीत परत सुरू करायचं की नाही, यावर हात मोजतील. आधी हरकत घेणाऱ्याला पाच मिनिटं बोलायचा हक्क आहे. ती हरकत तुझ्या नावावर चढली आहे. आता ती रजिस्टरात आहे.

मी दोन ओळींची जाहिरातही वर्तमानपत्राला दिली आहे, माझ्या नावाने. नर्सचा दावा खरा होता, इतिवृत्त मी चुकीचं लिहिलं होतं. कात्रण सोबत जोडलंय.

तू आलीस तर चारची बस परत मिळते. माझ्याकडे यायलाच हवं असं नाही. औषधवाल्या वहिनी जेवायला थांब म्हणतायत.

ताई


४ मार्च

धाकटे,

चारची बस गाठायला तू मोजणीआधी निघालीस, म्हणून निकाल कळवते. आपण हरलो. केंद्र परत आणायच्या बाजूने एकशे अकरा, विरोधात एकशे अठरा. आधी दोन्ही वेळा आकडे जुळेनात, म्हणून तीनदा मोजलं.

तू गेल्यावर बरेच लोक बोलले. एक रिक्षावाला म्हणाला, मी म्हाताऱ्यांना फुकट नेऊन सोडेन पण एक्स-रे मशीन जाऊ देऊ नका. मशीन जाणारच नाही हे त्याला समजावलं, तर म्हणाला, आज म्हणताय, उद्या नेतील. गोदामात पोराला नोकरी लागेल या आशेवर बसलेल्या दोन बाया बोलल्या. त्यांनाही मी काय म्हणणार. सगळे आपापलं खरं सांगत होते. पाच तास चाललं, धाकटे. आमच्या सभा वीस मिनिटांत संपायच्या. कॉलेजमधली एक मुलगी लिहून घेत होती, तिचा हात दुखायला लागला तेव्हा थोडा वेळ थांबलो. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकत होते. समितीवर इतकी वर्षं काढून मी या गल्लीतल्या माणसांचं बोलणं पहिल्यांदाच ऐकलं असं वाटलं.

तू सांगितलेले आकडे मात्र कुणाला खोडता आले नाहीत. रस्त्याच्या अलीकडच्या किती बायका नऊ वर्षांत केंद्राच्या नोंदीतून गळाल्या, ते तू जुनं आणि नवं रजिस्टर शेजारी ठेवून, बोटाने एकेक ओळ दाखवत वाचत होतीस, आणि बेकरीवालीच्या सासूचं नाव आलं तेव्हा चहा पिणाऱ्यांनी पेले खाली ठेवले. न्हाव्याने तुझ्या बाजूने हात वर केला. अजून पुरतं पटलेलं नाही, असं शेजाऱ्याला सांगत सांगत केला.

बसस्टॉपवर तू म्हणालीस, “ताई, मी केंद्रासाठी आले होते. तुझ्यासाठी नाही.” मी बरं म्हटलं. तुला वाटलं असेल मला लागलं. लागलं थोडं. पण तू माझ्यासाठी आली असतीस आणि गप्प बसून परत गेली असतीस, तर ते मला जास्त लागलं असतं.

आता पुढचं. तीस दिवसांत अपील करता येतं, रहिवाशांच्या दोनशे सह्या हव्यात. एकशे अकरा हात वर झाले, ते आहेत. उरलेल्या न आलेल्यांमधून मिळवायच्या. आमच्याच गल्लीत अकरा घरांतून कुणी आलं नव्हतं. मी आणि बेकरीवाली मिळून फिरणार आहोत. गुडघ्यांना विचारलेलं नाही. दुसऱ्याच्या दारावर जाऊन काही मागायची मला या वयात पहिलीच वेळ, त्यामुळे तू सांग, एखादी बाई ‘मला काय त्याचं’ म्हणाली तर तू दवाखान्यात तिला काय सांगायचीस?

बेकरीवालीचं म्हणणं, ओळखीच्या, सोप्या घरांपासून सुरुवात करू. मी नाही म्हटलं. अध्यक्ष रविवारी सभेला आले नाहीत. हे सांगतात की ते दिवसभर खिडकीत बसून होते, हॉलच्या दिशेने तोंड करून. ज्या बाजूने हात वर करायचा त्या बाजूने करा, पण आत या, असं त्यांना कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि ते मलाही सुचलं नाही.

तेव्हा उद्या साडेनऊला पहिलं दार त्यांचं. सही दिली तर एक झाली. नाही दिली तर का नाही ते नीट ऐकून घेईन, आणि शेजारची बेल वाजवीन.

ताई